पायथनच्या फाइलमध्ये चार परवाने का?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत परवान्याची, म्हणजे तिचा कोड कोणत्या अटींवर वापरता-वाटता येईल ते सांगणारी, एक फाइल येते. ती शेवटपर्यंत वाचणारे विरळाच. वाचली तर दिसतं, की मुख्य परवाना एक नाही, एकाखाली एक असे चार आहेत: पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनचा, बीओपन डॉट कॉम या कंपनीचा, अमेरिकेतल्या सीएनआरआय संस्थेचा आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संशोधन संस्थेचा. सीएनआरआयच्या मजकुरात 'ॲक्सेप्ट' बटण दाबण्याची भाषा अजून तशीच आहे.

ज्याने कोड लिहिला, त्याचा कॉपीराइट. नोकरीत लिहिला असेल तर बहुधा मालकाचा. पायथनचे जनक गीदो व्हान रॉसम सीडब्ल्यूआयमध्ये होते तेव्हाच्या आवृत्त्या (1.2 पर्यंत) तिच्या नावावर. 1995 मध्ये ते सीएनआरआयमध्ये गेले, पुढचा कोड तिचा. 2000 मध्ये त्यांचा चमू बीओपनमध्ये गेला आणि काही महिन्यांत तिथूनही बाहेर पडला. भाषा तीच, पण प्रत्येक मुक्कामाचा कोड वेगळ्या मालकाचा. जुना कोड वापरायचा तर त्याची कॉपीराइट-सूचना आणि परवाना सोबत ठेवावाच लागतो. त्यामुळे थर साचत गेले.

खरी अडचण आली 1.6 आवृत्तीत. सीएनआरआयने परवाना नव्याने लिहिला आणि वाद उद्भवल्यास व्हर्जिनिया राज्याचा कायदा लागू होईल असं कलम घातलं. वकिलाच्या दृष्टीने अगदी नेहमीचं वाक्य. पण जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या बहुवापरातल्या परवान्याचं म्हणणं असं, की पुढे वाटप करताना आमच्या अटींपलीकडे एकही जादा अट लादू नका. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते हे कलम म्हणजे तशीच जादा अट. परिणामी जीपीएलखालचा कोड आणि पायथन एकत्र करून झालेला प्रोग्राम वाटायचा कसा, असा पेच पडला. बीओपनच्या 2.0 परवान्यात कॅलिफोर्नियाचा कायदा होता, म्हणजे दुखणं तेच.

इलाज दोन टप्प्यांत झाला. सीएनआरआयने 1.6.1 मध्ये ते कलम सौम्य केलं: जीपीएल कोड मिसळलेला असेल तिथे व्हर्जिनियाचा कायदा मोजक्याच परिच्छेदांपुरता. दुसरीकडे मार्च 2001 मध्ये पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं आणि त्याच्या परवान्यात कोणत्याच राज्याचा कायदा नेमला नाही. मग 2.0 आणि 1.6.1 यांच्यापासून 2.0.1 ही आवृत्ती तयार झाली. ती जीपीएलशी सुसंगत. गंमत म्हणजे मधली 2.1 सुसंगत नाही, 2.1.1 आहे. नुसता आवृत्तीचा आकडा वाढला म्हणून परवान्याची अडचण सुटत नाही. कोड कुठून आला ते पाहावं लागतं. 1.6.1 बद्दलही फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन आणि सीएनआरआय यांचं एकमत झालं नाही. पायथनच्या कागदपत्रांत तळटीप देऊन ते मतभेद नोंदवले आहेत.

आता पायथनला कोड देणाऱ्याकडून आधी करार घेतला जातो. कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनला मात्र तो कोड दुसऱ्या मुक्त परवान्याखाली देण्याचा हक्क मिळतो. माझ्या मते कोणत्याही नव्या प्रकल्पाने हा निर्णय बाहेरच्या माणसाच्या कोडची पहिली ओळ घेण्याआधीच घ्यावा. नंतर घेतला तर काय होतं, ते एलएलव्हीएममध्ये दिसतं.

एलएलव्हीएम ही कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारे प्रोग्राम, बांधण्याची सामग्री. रस्ट, स्विफ्ट, जुलिया या प्रोग्रामिंग भाषा तिच्यावर उभ्या आहेत. तिच्या जुन्या इलिनॉय विद्यापीठाच्या परवान्यात पेटंटबद्दल स्पष्ट शब्द नव्हते. शिवाय रनटाइम लायब्रऱ्यांना (प्रोग्राम चालताना लागणाऱ्या तयार कोडला) जोडीने एमआयटी हा दुसरा परवानाही होता, कारण त्यांचे तुकडे तयार प्रोग्राममध्येच जाऊन बसतात. त्यामुळे मुख्य कोडमधला भाग उचलून लायब्ररीत टाकणंही अडचणीचं. उपाय ठरला पेटंटबद्दल स्पष्ट बोलणारा अपाचे 2.0 परवाना, सोबत दोन अपवाद: प्रोग्राममध्ये मिसळलेल्या तुकड्यासाठी श्रेयसूचनेची सक्ती नाही, आणि जीपीएल 2 शी संघर्ष आला तर काही अटी सोडता येतात.

पण इथे कॉपीराइट शेकडो व्यक्ती आणि कंपन्यांत विखुरलेला. सातबाऱ्यावर जितकी नावं, तितक्या सह्या. व्यक्तींसाठी एक करारपत्र, कंपन्यांसाठी दुसरं. कारण कामाच्या वेळात लिहिलेल्या कोडवर कर्मचाऱ्याची सही पुरत नाही. मोठे योगदानकर्ते सापडतात. रखडवतात ती एखाद-दुसरी दुरुस्ती पाठवून गेलेली माणसं: ईमेल बंद, कंपनी विकली गेलेली. सही मिळालीच नाही तर तो भाग काढून पुन्हा लिहायचा, आणि तोही जुना कोड समोर न ठेवता.

जानेवारी 2019 मध्ये, आठव्या आवृत्तीची शाखा वेगळी झाल्यावर, नवा परवाना लागू केला. जुना मात्र लगेच काढला नाही. नवं योगदान दोन्ही परवान्यांखाली घ्यायचं आणि मागच्या सह्या गोळा करत राहायच्या, अशी व्यवस्था ठेवली. आठवी आणि तिच्या आधीच्या आवृत्त्या आजही जुन्याच परवान्यावर मिळतात.