ऑक्ट्रिओटाइड व तत्सम पेप्टाइडे

सोमॅटोस्टॅटिन या १४ ॲमिनो अम्लांच्या हॉर्मोनात रासायनिक फेरफार करून बनवलेली लहान पेप्टाइडे. चेता-अंतःस्रावी अर्बुदांचे (हॉर्मोने स्रवणाऱ्या, चेतापेशींसारखे गुण असलेल्या पेशींच्या गाठींचे) निदान व उपचार या दोन्हींसाठी ती वापरतात.

मूळ हॉर्मोनाच्या शोधाचे श्रेय बहुधा रॉजर गिमें यांच्या गटाला दिले जाते. या गटातील ब्राझो व सहकाऱ्यांनी मेंढीच्या अधोथॅलॅमसमधून (मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातून) ते वेगळे करून १९७३ मध्ये त्याची संरचना प्रसिद्ध केली. तथापि वृद्धी हॉर्मोनाचा स्राव रोखणारे द्रव्य अधोथॅलॅमसमध्ये असल्याचे क्रुलिख, मॅकॅन प्रभृतींनी १९६८ च्या सुमारास दाखवले होते. हेल्मन व लेर्नमार्क यांना १९६९ मध्ये कबुतराच्या स्वादुपिंडात इन्शुलीन रोखणारा घटक आढळला. तो हाच असावा. संरचना हाती आल्यावरच पुढचे रसायनशास्त्र शक्य झाले, म्हणून १९७३ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक.

रक्तातील विकरे (एंझाइमे) हे हॉर्मोन दोन-तीन मिनिटांत तोडतात. बाझेलच्या सँडोझ कंपनीतील बाउअर व सहकाऱ्यांनी (१९८२) ग्राहीला (पेशीवरील ज्या रेणूला हॉर्मोन चिकटते त्याला) बिलगणारा फेनिलॲलॅनीन-ट्रिप्टोफॅन-लायसीन-थ्रिओनीन हा चार ॲमिनो अम्लांचा गाभा राखला, पण ट्रिप्टोफॅन डी-रूपात (नेहमीच्या रेणूच्या आरशातील प्रतिमेच्या रूपात) घेतले. अग्रभागी डी-फेनिलॲलॅनीन आणि शेवटी थ्रिओनिनॉल जोडले. त्यामुळे टोकाला कार्बॉक्सिल गटच उरला नाही आणि तिथून कुरतडणाऱ्या विकराला पकड मिळेना. दोन सिस्टिनांमधील गंधक-बंधाने वलय टिकून राहिले. या आठ घटकांच्या रेणूचे, म्हणजेच ऑक्ट्रिओटाइडचे, रक्तातील अर्धायुष्य सुमारे दीड तास आहे. फेरफार इतके थोडे आणि परिणाम एवढा मोठा, हे या रेणूचे खरे सौंदर्य.

या अर्बुदांच्या पेशींवर हे ग्राही मोठ्या संख्येने असल्याने पेप्टाइड तेथे जाऊन चिकटते. रॉटरडॅम येथे क्रेनिंग प्रभृतींनी १९८९ मध्ये अशा पेप्टाइडला किरणोत्सर्गी आयोडीन-१२३ जोडून अर्बुदांची चित्रे घेतली. हे संयुग यकृतावाटे आतड्यात उतरत असल्याने पोटातील चित्र झाकोळे. पुढे इंडियम-१११ ने ही अडचण बरीच कमी केली. डोटा या धातू धरून ठेवणाऱ्या वलयामुळे एकाच पेप्टाइडवर पेट (PET, पॉझिट्रॉन उत्सर्जनावर आधारित) चित्रणासाठी गॅलियम-६८ (अर्धायुष्य ६८ मिनिटे) किंवा उपचारासाठी ल्युटेशियम-१७७ (सुमारे ६.६ दिवस) बसवता येते. अमेरिकेत अशा ल्युटेशियम-डोटाटेट या औषधाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. भारतात ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होते आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे उपचार दिले जातात.

चित्रण व उपचार परिणामकारक होण्यासाठी पेप्टाइड पेशीत ओढले गेलेच पाहिजे, असे दीर्घकाळ मानले जाई. पेशीत जवळजवळ न शिरणारी विरोधी पेप्टाइडे (ग्राहीला चिकटूनही त्याला कार्यरत न करणारी) अधिक ग्राहींना चिकटतात असे २००६ मध्ये दिसले, आणि ही अट आता तितकी ठाम वाटत नाही.

मूत्रपिंडात पेप्टाइड पुन्हा शोषले जाऊन तेथे किरणोत्सर्ग साचतो. म्हणून हे शोषण रोखण्यासाठी उपचाराच्या वेळी लायसीन व आर्जिनीनचे सलाइन काही तास चालू ठेवतात.