कुंडलिनी : शैव-तांत्रिक विचार आणि कोकण

कुंडलिनी म्हणजे कण्याच्या बुडाशी साडेतीन वेढे घालून निजलेली शक्ती. ती जागी झाली की सुषुम्नेतून (कण्यातली मधली नाडी) वर चढते, वाटेतली चक्रं म्हणजे शक्तीची केंद्रं भेदते आणि डोक्याच्या माथ्यावरच्या सहस्रारात शिवाला मिळते, एवढं आता मोबाईलवर कुणालाही सापडतं. पण त्यामागचा शैव विचार बाजूलाच राहतो आणि चर्चा सगळी झटके, उष्णता आणि डोळ्यांपुढच्या उजेडाची, म्हणून आधी तो विचार.

काश्मिरी शैवांच्या मते (वसुगुप्त नवव्या शतकातला, अभिनवगुप्त दहाव्या-अकराव्या) शिव म्हणजे प्रकाश आणि शक्ती म्हणजे त्या प्रकाशाला असलेलं स्वतःचं भान, त्याला ते विमर्श म्हणतात. हीच शक्ती आपणहून आकसत आकसत ३६ तत्त्वांतून (सृष्टीच्या पायऱ्याच म्हणा) खाली उतरते, सगळ्यात शेवटचं तत्त्व पृथ्वी, आणि कण्याच्या बुडाच्या मूलाधार चक्राचं तत्त्वही पृथ्वीच. म्हणजे कुंडलिनी वर चढते तेव्हा कुठल्या नवीन ठिकाणी जात नाही, जिथून उतरली तिथेच परत निघते. हे डोक्यात नसेल तर बाकी सगळं नुसतं अंगाचं कौतुक राहतं. गुरूकडून ती जागी होणं याला शक्तिपात म्हणतात, अभिनवगुप्ताने त्याचे तीव्र, मध्य, मंद आणि प्रत्येकाचे परत तीन असे नऊ प्रकार केलेत.

चक्रांची संख्या ग्रंथागणिक बदलते. सहा चक्रांचा आज सगळीकडे दिसणारा नकाशा मुख्यतः बंगालच्या पूर्णानंदाच्या १५७७ च्या षट्चक्रनिरूपणातून आलाय, १९१९ मध्ये जॉन वुड्रॉफने त्याचं इंग्रजी केलं आणि तो जगभर गेला. पोस्टरवरचे इंद्रधनुष्याचे सात रंग मात्र त्यात नाहीत, तो विसाव्या शतकातला पाश्चात्त्यांचा उद्योग. मूळ ग्रंथात नाभीपाशी असलेलं मणिपूर चक्र पाण्याने भरलेल्या ढगासारखं काळपट आहे, आगोटीला समुद्रावर दिसतो ना तसला ढग, पिवळं नाही.

आता कोकण. आपल्या तंत्रालोक या ग्रंथाच्या सुरुवातीलाच अभिनवगुप्त मच्छंदाला वंदन करतो, तोच आपला नाथपंथाचा मच्छिंद्रनाथ, ज्याने माशाच्या पोटात बसून शिवाने पार्वतीला केलेला उपदेश ऐकला अशी कथा आहे (दर्याकाठच्या माणसाला ही कथा पटवावी लागत नाही). मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव अशी ती गुरु-शिष्यांची ओळ महाराष्ट्रात उतरली. दापोली तालुक्यात कोटजाई नदीकाठी पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत, आधी ती बौद्धांची, मग वज्रयानी म्हणजे तांत्रिक बौद्धांची आणि नंतर नाथपंथीयांची झाली, नाथ सिद्धांच्या मूर्ती आतल्या दगडात कोरलेल्या आहेत. एकाच डोंगरात हे सगळं, आणि दापोलीला येणारे टुरिस्ट बीच बघून परत जातात!

मराठीत याचं सगळ्यात ठसठशीत वर्णन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे, १२९० चं. ‘नागिणीचें पिलें । कुंकुमें नाहलें । वळण घेऊनि आलें । सेजे जैसें ॥’ योगातले तिन्ही बंध (श्वास आणि शक्ती अडवायला अंग आवळणं) बसल्यावर ती भुकेने उठते, अंगातलं मांस खाते, पृथ्वी आणि आप ही दोन भूतं खाऊन मग तृप्त होते, साधकाला जणू नवं शरीर येतं. पण ज्ञानदेव तिथे थांबत नाहीत, पुढे ती शक्ती वायू होते, वायू आकाशात विरतो आणि ‘पिंडे पिंडाचा ग्रासु’ (पिंडानेच पिंड गिळणं) हा नाथांचा संकेत येतो. म्हणजे एवढी सगळी लक्षणं सांगून शेवटी अनुभव घेणाराच उरत नाही.

आधुनिक काळात उत्तर कोकणातलं गणेशपुरी हे मोठं नाव, तानसा नदी, गरम पाण्याची कुंडं आणि भगवान नित्यानंद (समाधी १९६१). त्यांचे शिष्य मुक्तानंद यांना १५ ऑगस्ट १९४७ ला दीक्षा मिळाली, त्यानंतर अंगाचा दाह, भयंकर दृश्यं, आपण वेडे होतोय ही भीती, हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. काश्मीरच्या गोपी कृष्ण यांना तर १९३७ मध्ये गुरूशिवाय ध्यान करताना अनुभव आला आणि पुढची कित्येक वर्षं आजारपणासारखी गेली. उलट रत्नागिरीजवळ पावसला स्वामी स्वरूपानंद (१९०३-१९७४), तेही नाथ परंपरेतलेच, श्वासाबरोबर ‘सोऽहं’ (तो मीच) एवढंच सांगत एका घरात वर्षानुवर्षं शांत राहिले. कुठेही चमत्काराचा गाजावाजा नाही. मला स्वतःला पावसची तऱ्हा जवळची वाटते, पण ते जाऊ दे.

एक गोंधळ कोकणात हमखास होतो. तळकोकणात देवळात ‘अवसर’ येतो, ढोल वाजायला लागला की माणूस घुमायला लागतो आणि बघणारा म्हणतो याची कुंडलिनी जागी झाली. तसं नाही. अवसरात देव बाहेरून अंगात येतो, गावाच्या अडचणीवर बोलतो, उतरला की माणूस परत नेहमीसारखा भाताच्या लावणीला. कुंडलिनीत बाहेरून येणारं कुणीच नसतं, आधीपासून आत होती तीच उठते आणि ते गावासाठी नसतं. दोन्हीत अंग थरथरतं म्हणून ती एक होत नाहीत. सातेरीचं वारूळ आणि त्यातला नाग पाहून कुंडलिनीची आठवण होते खरी, पण सातेरी ही भूमीची देवी, गुरवाला चक्रांचं विचाराल तर तो आधी नारळ कुठे ठेवायचा ते सांगेल.