कांद्याची पिशवी आणि हातभर पापलेटचं स्वप्न

मासेमारी बंद असताना कोल्हापूरच्या बाजारात समुद्राचा मासा येतो कुठून, हा प्रश्न दर पावसाळ्यात निघतो. काही माल शीतगृहातला असतो. काही पूर्व किनाऱ्यावरचा, कारण दोन्ही किनाऱ्यांच्या बंदीच्या तारखा वेगळ्या आहेत. तिकडे 15 एप्रिल ते 14 जून, आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै, दोन्हीकडे 61 दिवस. आपल्या बोटी किनाऱ्याला ओढलेल्या असतात तेव्हा 15 जूनपासून तिकडच्या पाण्यात उतरलेल्या असतात.

पावसाळाच का, हे आपल्याला शिकवायला नको. ओढ्याला पहिलं लाल पाणी आलं की चढणीचे मासे धरायला कोण धावतं? ते मासे अंडी घालायलाच वर चढत असतात. (गाबोळी असलेला मासा मिळाला की आपण खूशच होतो, पण ते असो.) समुद्रात बांगड्यासारख्या माशांचा अंडी घालण्याचा काळही पावसाळ्याच्या आसपासचाच.

किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंतच्या पाण्यात राज्याचा 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो. 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबीही ठरवून दिली. हिशेब सोपा आहे. मासा एकदा तरी अंडी घालून मग जाळ्यात यावा. शिवाय लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, त्यामुळे पिल्लू धरणारा स्वतःच्याच वजनकाट्यावर खोट खातो.

पण ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या पिशवीसारख्या जाळ्यात बांगडा, कोळंबी, पापलेटची पिल्लं सगळी एकदमच येतात. डेकवर ओतल्यावर पट्टी लावून काय उपयोग? बरीचशी तोवर मेलेली असतात. माझ्या मते नियम पाण्यातच लागला पाहिजे, म्हणजे जाळ्याच्या आसावर, त्याच्या भोकावर.

त्यासाठी घरातली कांद्याची जाळीदार पिशवी घ्या. तळाशी दोन-तीन कांदे ठेवून तोंडाकडून ओढा. शंकरपाळ्यासारखी भोकं लांबट होत मिटत जातात. बोट ओढते तेव्हा ट्रॉलच्या शेपटाकडच्या पिशवीचंही हेच होतं. कागदावर आस पुरेसा मोठा, पाण्यात मात्र फट. म्हणून तिथे चौकोनी आस लावायचा, किमान 40 मिलिमीटरचा. जाळी 45 अंशांत फिरवल्यावर निम्मे दोरे ओढीच्या दिशेने येतात, ताण तेच घेतात आणि भोकं उघडी राहतात. पिल्लू जिवंतपणीच निसटतं.

बोटवाल्याला हे आवडत नाही. डिझेल त्याचं जळतं आणि निसटलेलं पिल्लू उद्या दुसऱ्याच्याच जाळ्यात मोठं होऊन सापडतं.

मध्यंतरी ताटात अख्खं मावतं म्हणून स्वस्तातली पापलेटं आणली. नियमात चंदेरी पापलेटला 135 मिलिमीटर आहेत. मुलाच्या कंपासमधली 15 सेंटीमीटरची पट्टी लावून पाहिली, तर मासा 12 वरच संपला. तोवर मीठ-हळद लावून झालं होतं.