विहिरीतला क्षार: खरवडण्यापासून थांबवण्यापर्यंत

वडोदऱ्यात बोअरचं पाणी असलेल्या घरात गिझरची कॉइल बाहेर काढा, पांढऱ्या क्षाराचा थर बसलेला दिसेल. जिओथर्मल विहिरीत, म्हणजे जमिनीतलं गरम पाणी नि वाफ विजेसाठी वर आणणाऱ्या विहिरीत, हेच होतं, फक्त जमिनीच्या खूप खाली, जिथे हात पोचत नाही. आपल्या गुजरातेत तुव्याला, धोलेऱ्याला गरम पाणी वर येतं म्हणून वीज का नाही काढत हा प्रश्न नेहमी निघतो, त्यामुळे ही मागची गोष्ट माहीत असलेली बरी.

इटलीत लार्देरेल्लोला 1904 मध्ये जमिनीतल्या वाफेवर पाच बल्ब पेटवले आणि 1913 ला 250 किलोवॉटचं पॉवरस्टेशन आलं, पण तिथे मुख्यतः कोरडी वाफ, पाणी कमी. पाण्यातल्या क्षाराची खरी डोकेदुखी न्यूझीलंडच्या वैराकेईला दिसली, 1958 पासून. तिथे सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य, त्रास देते, ती पाणी थंड व्हायला लागलं की बसते, म्हणून पाणी वाहून नेणाऱ्या चाऱ्या खरवडत बसायचं. आइसलँडमध्ये तर 1976 च्या स्वार्त्सेंगी स्टेशनचं पाणी बाहेर सोडलं तेव्हा सिलिकेने लाव्हाची भोकंच बुजवली आणि तळं साचलं, तेच आजचं ब्लू लगून.

कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीतल्या क्षाराचं, उलट आहे, ते विहिरीच्या आतच बसतं. पाणी वर येताना दाब उतरतो, एका खोलीवर उकळी फुटते, सोड्याची बाटली उघडल्यासारखा कार्बन डायऑक्साइड सुटतो, पाण्याचा पीएच चढतो, म्हणजे आम्लपणा कमी होतो, आणि तिथूनच थर धरायला सुरुवात. तुर्कस्तानात किझिलदेरेला 1984 मध्ये स्टेशन सुरू झालं आणि विहिरी इतक्या चोंदायच्या की ड्रिलिंगची रिग आणून परत परत साफ कराव्या लागायच्या, तेवढा वेळ उत्पादन बंद.

मग स्केल इन्हिबिटर, म्हणजे क्षाराचा थर अडवणारी औषधं, आले, पॉलिअ‍ॅक्रिलेट, फॉस्फोनेट वगैरे. आमच्या दांडिया बाजारातले एक काका तेलविहिरींवर होते, त्यांना ही नावं पाठ, कारण तेलाच्या विहिरींत आणि बॉयलरमध्ये तीच औषधं चालतात. डोस अगदी थोडा, दहा लाख भाग पाण्याला काही भाग. हे औषध क्षार विरघळवत नाही, बारीक स्फटिकाला चिकटून त्याची वाढ अडवतं. मला मात्र औषधापेक्षा ते सोडायची जागा सापडली हे जास्त मोठं वाटतं, बारीक स्टीलची नळी उकळी फुटते त्याच्याही खाली उतरवायची, वर सोडलं तर उपयोग शून्य. आणि जमिनीतला दाब वर्षानुवर्षं उतरत गेला की उकळीची जागा खाली सरकते, मग नळीही आणखी खाली न्यावी लागते.