व्हिडिओ गेमची पायरसी : नैतिकता आणि विक्रीवरील परिणाम

हक्कधारकाच्या परवानगीशिवाय व्हिडिओ गेमची प्रत काढणे, ती वाटणे किंवा विकणे, तसेच गेममधील संरक्षणव्यवस्था निकामी करून तो खेळणे, या सर्व कृतींना मिळून व्हिडिओ गेमची पायरसी म्हणतात. वृत्तपत्रांनी ‘चाचेगिरी’ हा प्रतिशब्द रूढ केला असला, तरी खेळणाऱ्यांच्या तोंडी ‘क्रॅक’ (संरक्षण मोडलेली प्रत) आणि ‘टोरेंटवरून उतरवलेला’ (वापरकर्ते इंटरनेटवर एकमेकांना फाइली पुरवतात त्या व्यवस्थेतून घेतलेला) हेच शब्द आहेत. या विषयावरील वादात दोन वेगळे प्रश्न सतत एकमेकांत मिसळले जातात. फुकट खेळला गेलेला प्रत्येक गेम म्हणजे बुडालेली विक्री आहे का, हा मोजमापाचा प्रश्न आहे. आणि विक्री बुडत नसेल तर ती कृती निर्दोष ठरते का, हा न्यायाचा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा सुटला असे मानण्याची चूक उद्योगाने आणि पायरसीच्या समर्थकांनी सारखीच केलेली आहे.

घरगुती संगणकावर गेम कॅसेटमध्ये मिळत असत तेव्हापासून त्यांच्या प्रती निघू लागल्या, कारण दोन टेपरेकॉर्डर असले की काम भागत असे. फ्लॉपीच्या काळात निर्मात्यांनी पुस्तिकेतील एखादा शब्द विचारणे किंवा पुठ्ठ्याच्या फिरत्या चकतीवरून सांकेतिक क्रमांक जुळवायला लावणे असे उपाय योजले. १९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये अशी चकती होती. संरक्षण मोडणारे गट गेमच्या आरंभी स्वतःचे नाव झळकवणारी छोटी चित्रफीत जोडत. त्यातूनच ‘डेमोसीन’ ही संगणककला वाढली आणि फिनलंडने २०२० मध्ये तिला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले. भारतात तर एका पिढीची गेमशी ओळखच नकलेतून झाली. टीव्हीला जोडायचे स्वस्त ‘व्हिडिओ गेम’ हे बहुधा निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल असत, आणि ‘९९९९ इन १’ असे छापलेल्या कॅसेटमध्ये तेच मोजके खेळ पुनःपुन्हा येत. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत पायरेटेड सीडी उघडपणे मिळू लागल्या. मूळ प्रत मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर होती आणि अनेक शहरांत ती दुकानात येतही नसे. त्या काळातील विद्यार्थ्याने घेतलेली नकली सीडी म्हणजे बुडालेली विक्री, असे म्हणणे हिशेबाला धरून नाही.

हिशेबाचा हा गुंता २००८ मध्ये ठळक झाला. ‘वर्ल्ड ऑफ गू’ हा गेम दोन जणांच्या टू-डी बॉय या संस्थेने कोणत्याही संरक्षणाशिवाय विकला. गुणतालिकेच्या सर्व्हरवर आलेल्या नोंदी आणि विकलेल्या प्रती ताडून पाहता पायरसीचे प्रमाण ८० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान निघाले. त्याच वर्षी रिफ्लेक्सिव्ह या कंपनीने आपल्या ‘रिकोशे इन्फिनिटी’चे प्रमाण ९२ टक्के असल्याचे सांगितले, मात्र संरक्षण कडक करून पाहिल्यावर सुमारे हजार बेकायदा प्रती रोखल्या तेव्हा विक्री जेमतेम एका प्रतीने वाढते, असा तिचा अनुभव होता. ग्रीनहार्ट गेम्सने २०१३ मध्ये ‘गेम डेव्ह टायकून’ची बदललेली प्रत स्वतःच टोरेंटवर ठेवली. पहिल्या दिवसाअखेर खेळल्या गेलेल्या ३,३१८ प्रतींपैकी ३,१०४ त्या टोरेंटवरच्या होत्या, विकत घेतलेल्या अवघ्या २१४. या प्रतीत खेळाडूने उभारलेली काल्पनिक गेम-कंपनी पायरसीमुळे दिवाळखोरीत जाई, आणि पैसे न देणारे काही खेळाडू त्यावर उपाय काय, असे मंचांवर कळवळून विचारू लागले. या प्रसंगाची करमणूक म्हणून पुष्कळ चर्चा झाली. पण तीन हजारांपुढे दोनशे हे प्रमाण एका छोट्या निर्मात्यासाठी काय असते, याकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही.

परिणाम नेमका किती, यावर अलीकडे दोन अभ्यासांचा आधार घेतला जातो. युरोपीय आयोगाने एकोरिस या संस्थेकडून करून घेतलेल्या अभ्यासात जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन, स्पेन, पोलंड आणि स्वीडन येथील सुमारे ३०,००० व्यक्तींचे सर्वेक्षण होते. तो २०१५ मध्ये पूर्ण झाला, पण युरोपीय संसदेच्या सदस्या युलिया रेडा यांनी पाठपुरावा केल्यावर २०१७ मध्येच तो लोकांसमोर आला. नव्या गाजलेल्या चित्रपटांचा अपवाद वगळता पायरसीमुळे विक्री घटल्याचा भक्कम संख्याशास्त्रीय पुरावा त्यात आढळला नाही; गेमच्या बाबतीत तर परिणाम अनुकूलच दिसला. पुरावा न सापडणे म्हणजे परिणाम नसणे नव्हे, असे अहवालात स्पष्ट नोंदवलेले आहे. हे वाक्य गाळून तो अहवाल उद्धृत करण्याची प्रथा पडली आहे आणि ती अप्रामाणिक आहे. दुसरा अभ्यास विल्यम व्होल्कमन यांचा, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला. २०१४ ते २०२२ या काळात डेन्युवो हे संरक्षण वापरून स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात आलेल्या ८६ गेमचा उत्पन्न-अंदाज त्यांनी अप्रत्यक्ष आकड्यांवरून बांधला. प्रकाशनानंतर लगेच क्रॅक निघाल्यास एकूण उत्पन्नात सरासरी २० टक्के घट होते, परंतु संरक्षण १२ आठवडे टिकले तर त्यानंतरच्या क्रॅकने जवळपास काहीही बिघडत नाही, असे त्यांना आढळले. गेमची बरीचशी कमाई पहिल्या काही आठवड्यांत होते, हे लक्षात घेतले की दोन्ही निष्कर्ष एकमेकांशी भांडत नाहीत. जुन्या गेमची प्रत उतरवणारा सहसा ग्राहक नसतोच. पहिल्या आठवड्यात ती शोधणाऱ्यांत मात्र खरे ग्राहक असतात.

आकड्यांत न दिसणारे नुकसानही असते. ‘टायटन क्वेस्ट’च्या अर्धवट क्रॅक केलेल्या प्रती संरक्षणाच्या तपासणीमुळे मध्येच बंद पडत, खेळणाऱ्यांनी गेमच सदोष असल्याची वदंता पसरवली. तो गेम बनवणारी आयर्न लोर ही संस्था २००८ मध्ये बंद झाली.

उलट बाजूने, संरक्षणाचा जाच प्रामाणिक ग्राहकालाच अधिक होतो. ‘स्पोर’ २००८ मध्ये केवळ तीन वेळा सक्रिय करण्याच्या मर्यादेसह आला. संतापलेल्या ग्राहकांनी अ‍ॅमेझॉनवर एका ताऱ्याच्या परीक्षणांचा पाऊस पाडला, आणि त्या वर्षी टोरेंटवरून सर्वाधिक उतरवलेल्या गेममध्ये तोच अग्रभागी राहिला. युबिसॉफ्टने २०१० मध्ये ‘असॅसिन्स क्रीड २’साठी सतत इंटरनेट जोडणी सक्तीची केली, मार्चमध्ये तिच्या सर्व्हरवर हल्ला झाल्यावर पैसे मोजलेले खेळाडूच बाहेर अडकले. पायरसी हा बहुतांशी किमतीचा नव्हे, तर सेवेचा प्रश्न आहे, हे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीच्या गेब न्यूएल यांचे मत याच अनुभवातून पटते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने ‘बाल्डर्स गेट’ १९९९ मध्ये पोलिश भाषेत, नामवंत अभिनेत्यांच्या आवाजात, नकाशा आणि पुस्तिकेसह आणून नकली सीडींच्या बाजारातच ग्राहक मिळवला. स्टीमने नोव्हेंबर २०१५ मध्ये रुपयांत किमती लावल्या आणि भारतीय खेळाडूची डॉलरच्या हिशेबातून सुटका झाली.

नैतिक बाजूने ‘ही चोरी आहे’ हे विधान पुरेसे काटेकोर नाही, कारण मूळ प्रत मालकाकडेच राहते. पण वस्तू हरवली नाही म्हणून अन्याय झाला नाही, असे होत नाही. दुसऱ्याच्या कष्टाचा उपभोग त्याने मागितलेला मोबदला न देता, त्याची संमती नसताना घेणे हा येथील दोष आहे, आणि तो विक्रीच्या आकड्यांवर अवलंबून नाही. दारिद्र्य आणि अनुपलब्धता यांमुळे दोषाची तीव्रता कमी होते, हे मान्य करायला हवे. ज्याला मासिक इंटरनेट आणि महागडे ग्राफिक्स कार्ड परवडते, त्याला मात्र हा आधार घेता येत नाही. २०२० मध्ये आलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने बनवला. ‘एवढ्या मोठ्या कंपनीला काय फरक पडतो’ हा नेहमीचा युक्तिवाद अशा निर्मात्यांपुढे उभाच राहत नाही.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ संगणक आज्ञावलीला साहित्यकृतीचा दर्जा देतो. कलम ६३ख नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालय कारणे नोंदवून कैद टाळू शकते. संरक्षणव्यवस्था मोडण्याविरुद्धचे कलम ६५क हे २०१२ च्या दुरुस्तीने आले.

जतनाचा प्रश्न या सर्वांपेक्षा वेगळा आहे आणि त्याला पायरसीच्या खात्यात टाकणे अयोग्य आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात उपलब्ध नाहीत. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेला गेमही खेळता येईनासा झाला. जो विकायला कोणी तयारच नाही, त्याची प्रत जपणाऱ्याने कोणाची विक्री बुडवली, याचे उत्तर कायद्याकडे नाही. अभ्यासकांना असे जुने गेम दूरस्थपणे पाहता यावेत, ही ग्रंथालये व संग्रहालयांसाठी केलेली मागणी अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.