बिग-बॉक्स दुकान : शहरांतून माघार

बिग-बॉक्स दुकान : एकाच मजल्यावर पसरलेले, बाहेरून पेटीसारखे दिसणारे व पुढ्यात मोटारींसाठी मोठे आवार असलेले साखळी-दुकान. त्याच्या किमान क्षेत्रफळाविषयी एकमत नाही. नगरनियोजनाच्या लिखाणात बहुधा ५०,००० चौ. फूट ही मर्यादा धरतात. शिकागोच्या नगरपरिषदेने २००६ साली केलेल्या वेतनविषयक नियमात ती ९०,००० होती. वॉलमार्टचे सुपरसेंटर (किराण्यासह सर्व माल विकणारे त्यांचे सर्वांत मोठे दुकान) याच्याही सुमारे दुप्पट असते. अमेरिकेतील मोठ्या शहरांतून अशी दुकाने का बंद होतात व त्यामागे काय उरते, याचा विचार येथे मुख्यतः शिकागोच्या आधारे केला आहे.

या दुकानांच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. १९६२ हे साल सर्रास दिले जाते, कारण त्या एकाच वर्षी मार्चमध्ये केमार्ट (गार्डन सिटी, मिशिगन), मेमध्ये टार्गेट (रोझव्हिल, मिनेसोटा) आणि जुलैमध्ये वॉलमार्ट (रॉजर्स, आर्कान्सा) यांची पहिली दुकाने उघडली. परंतु ऱ्होड आयलंडमधील कंबरलँड येथे ‘ॲन अँड होप’ हे दुकान १९५३ च्या सुमारास चालू झाले होते, तेही एका जुन्या कापडगिरणीत. ढकलगाडी घेऊन फिरायचे, माल स्वतः उचलायचा आणि पैसे बाहेर पडताना दाराशी भरायचे, ही रीत तेथे रुळली होती. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन तेथे जाऊन ती पाहून आले होते, असे सांगतात. (गिरणीच्या जागी बाजार ही गोष्ट लोअर परळची फिनिक्स मिल पाहिलेल्यांना नवी नाही.) कार्फूर या फ्रेंच साखळीने १९६३ मध्ये पॅरिसजवळ उघडलेले हायपरमार्केट (किराणा व इतर माल एकाच छताखाली विकणारे दुकान) हा वेगळा धागा मानणे बरे. वंशावळ ‘ॲन अँड होप’पासून मोजणे अधिक सयुक्तिक दिसते, १९६२ हे फार तर प्रसाराच्या आरंभाचे वर्ष ठरेल.

धाग्यांचा हा गुंता कसाही सोडवला तरी एक गोष्ट कायम राहते. या दुकानाचा हिशेब स्वस्त जमीन, मोटारीने येणारे गिऱ्हाईक आणि आठवड्याची एकगठ्ठा खरेदी यांवर बसवलेला आहे. शहरात तिन्ही गोष्टी उलट्या असतात. जागा महाग, मालाच्या ट्रकला वळायला गल्ली अपुरी आणि गिऱ्हाईक पायी किंवा बसने येणारे, म्हणजे दोन हातांत मावेल तेवढेच नेणारे. त्यावर तोडगा म्हणून कंपन्यांनी छोटी दुकाने काढून पाहिली. त्यांत माल कमी ठेवता येतो, पण व्यवस्थापनाचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही. वॉलमार्टने २०१६ च्या आरंभी अमेरिकेतील १५४ दुकाने बंद केली, त्यांतील बहुतेक ‘एक्स्प्रेस’ या लहान प्रकारची होती.

शिकागोत वॉलमार्टचा प्रवेशच वादातून झाला. जुलै २००६ मध्ये नगरपरिषदेने मोठ्या दुकानांतील कामगारांना २०१० पर्यंत ताशी किमान १० डॉलर वेतन व ३ डॉलरच्या सवलती द्याव्यात असा नियम ३५ विरुद्ध १४ मतांनी केला. महापौर रिचर्ड एम. डेली यांनी सप्टेंबरमध्ये नकाराधिकार वापरून तो फेटाळला. आपल्या सतरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी हा अधिकार प्रथमच वापरला. त्याच महिन्यात पश्चिमेकडील ऑस्टिन वस्तीत पहिले दुकान उघडले. त्याच्या परिसरातील ३०६ व्यवसायांची स्थानिक विद्यापीठांतील संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा २००८ पर्यंत ८२ बंद पडल्याचे आढळले आणि दुकानाच्या जितके जवळ तितका बंद पडण्याचा संभव अधिक दिसला.

पुढे सतरा वर्षांनी, ११ एप्रिल २०२३ रोजी, कंपनीने शहरातील आठपैकी चार दुकाने बंद करण्याचे जाहीर केले : चॅटम, केनवुड, लेकव्ह्यू व लिटल व्हिलेज. घोषणा मंगळवारी झाली आणि रविवारी दारे लागली. औषध विभाग तेवढे जास्तीत जास्त तीस दिवस चालू ठेवले गेले, म्हणजे रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या घेणाऱ्याने महिनाभरात आपली चिठ्ठी दुसरीकडे वळवायची. चॅटमच्या सुपरसेंटरबरोबर तेथील दवाखानाही गेला.

कारणांविषयी दोन मते आहेत. एक मत चोरीला दोष देते. सप्टेंबर २०२३ मध्ये टार्गेटने न्यूयॉर्कमधील हार्लेम, सिॲटल, पोर्टलंड आणि सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड परिसरातील मिळून नऊ दुकाने बंद करताना हेच कारण दिले. दुसरे मत ताळेबंदाकडे बोट दाखवते. व्यापाराच्या भाषेतील ‘घट’ म्हणजे केवळ उचलेगिरी नव्हे. नोकरांची चोरी, नोंदींच्या चुका, मोडतोड हे सगळे तिच्यात येते. २०२१ मधील सुमारे ९४.५ अब्ज डॉलरच्या घटीपैकी जवळजवळ निम्मी संघटित चोरांमुळे झाली, हे नॅशनल रिटेल फेडरेशन या किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेचे विधान त्या संस्थेला डिसेंबर २०२३ मध्ये मागे घ्यावे लागले. टार्गेटने बंद केलेल्या दुकानांपेक्षा जवळच्या चालू ठेवलेल्या दुकानांत पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे अधिक होते, असेही पत्रकारांनी दाखवून दिले. शिकागोत तर वॉलमार्टने चोरीचा आधारच घेतला नाही. पहिल्या दुकानापासून तेथील व्यवसाय एकत्रितपणे कधीच नफ्यात नव्हता, वर्षाला कोट्यवधी डॉलरचा तोटा होतो आणि पाच वर्षांत तो जवळपास दुप्पट झाला, एवढेच निवेदनात होते. चोरी होत नाही असे कोणी म्हणत नाही; पण दुसरे मत पुराव्याला अधिक धरून आहे.

परिणामांची चर्चा बहुधा ‘अन्न-वाळवंट’, म्हणजे ताजे अन्न विकणारे दुकान जवळपास नसलेली वस्ती, या संज्ञेभोवती फिरते. अमेरिकेच्या कृषिखात्याने शहरी भागासाठी सुपरमार्केटपासून एक मैल हे अंतर प्रमाण मानले. मोटार असलेल्याला ते काहीच नाही. जानेवारीच्या बर्फात पिशव्या घेऊन बसथांब्यावर उभ्या असलेल्या म्हातारीला ते फार आहे. दुकान गेल्यावर पोकळी भरतात ती डॉलर-दुकाने, म्हणजे स्वस्त किरकोळ मालाची छोटी साखळी-दुकाने, जेथे डबाबंद माल मिळतो, भाजी क्वचितच. तथापि दुकान आले की आहार सुधारतो, हे गृहीतक २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात टिकले नाही : गरीब कुटुंबांना श्रीमंत वस्तीतलाच माल त्याच किमतींत उपलब्ध झाला, तरी पोषणातील तफावत सुमारे दहा टक्क्यांनीच कमी होईल, असा त्याचा निष्कर्ष आहे. नोकऱ्या, औषधे व वस्तीची पत यांचा हिशेब मात्र त्यात नाही.

जागेचा प्रश्न वेगळा. विकताना ‘येथे किराणा दुकान काढू नये’ अशी अट खरेदीखतात घालण्याची कंपन्यांची प्रथा आहे. काही शहरांनी तिच्यावर निर्बंध घातले आहेत. टेक्सासमधील मॅकॲलन येथे रिकाम्या वॉलमार्टमध्ये २०११ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले, परंतु ते मोकळ्या आवाराच्या गावात. शिकागोच्या एंगलवुडमध्ये सुमारे १.०७ कोटी डॉलरच्या सार्वजनिक साहाय्याने उभारलेल्या संकुलात २०१६ साली आलेले होल फूड्स हे महागड्या, सेंद्रिय मालासाठी प्रसिद्ध साखळीचे दुकान नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले. अठरा महिन्यांत तेथे दुसरे किराणा दुकान आणण्याची अट करारात होती. त्यानुसार २०२३ मध्ये सेव्ह अ लॉट हे स्वस्त मालाच्या साखळीचे दुकान आले, आणि हे आम्हाला नको म्हणून रहिवासी दारासमोर उभे राहिले.