अक्पिरी

इग्बो भाषेतील घसा या अर्थाचा शब्द. खाण्यापिण्याची हाव हा त्याचाच दुसरा रूढ अर्थ. इग्बो ही नायजर-काँगो कुळातील भाषा मुख्यतः आग्नेय नायजेरियात बोलली जाते. ‘ओन्ये’ म्हणजे माणूस, तर ‘ओन्ये अक्पिरी’ म्हणजे हावरट. पैशाच्या लोभालाही हा शब्द लावतात. तहान सांगतानाही घसाच येतो : ‘अक्पिरी ना-अक्पो म न्कू’, म्हणजे घशाला कोरड पडली आहे. भुकेला मात्र ‘आगू’ हा वेगळा शब्द आहे, आणि मान व आवाज या दोहोंना ‘ओलू’.

देवनागरीतील ‘क्प’ ही केवळ सोय होय. मूळ व्यंजन उच्चारताना ओठ आणि जिभेचा मागचा भाग एकाच वेळी मिटतात. काही बोलींत हवा आत ओढली जाते. 1961 च्या ओन्वू (इग्बोच्या रोमन लिपीतील) लेखनपद्धतीनुसार या शब्दातील दोन्ही इकारांखाली टिंब देतात. इग्बोचे आठ स्वर चार-चारांच्या दोन गटांत पडतात व साध्या शब्दात सहसा एकाच गटातील स्वर येतात; ‘अ’ आणि टिंबाचा ‘इ’ एका गटातले. ओनित्शा बोलीत र च्या जागी ल असलेले रूप आढळते.

‘अक्पिरी ओगोलोगो’ म्हणजे लांब घसा, अर्थात हाव. नायजेरियन पिजिनमध्ये (इंग्रजीवर आधारलेल्या तेथील मिश्र बोलीत) ‘लाँग थ्रोट’ किंवा ‘लाँगा थ्रोट’ याच अर्थाने चालतो; पाहुण्यांच्या ताटाकडे टक लावणारे पोर हे हमखास ऐकते. पिजिनने तो इग्बोतूनच उचलला, असे सरसकट म्हणणे धाडसाचे ठरेल. लोभ शरीराच्या अवयवावरून सांगण्याची रीत पश्चिम आफ्रिकेतील अनेक भाषांत आहे. इग्बोतच ‘आन्या उक्वू’ (मोठा डोळा) म्हणजे हावरेपणा. कॅरिबियन बेटांवरील ‘बिग आय’ काही अभ्यासक यावरूनच आला असे मानतात. अठराव्या शतकात बोनी व जुने कालाबार या बंदरांतून असंख्य इग्बो गुलाम जमैकात नेले गेले, हा त्यांचा मुख्य आधार. तो दुबळा नाही. पण घानातील अकान भाषेतही डोळा लाल होणे म्हणजे लोभ सुटणे, आणि जमैकातील ‘रेड आय’ तिच्याशी जोडला जातो. एकाच भाषेला श्रेय देण्यापेक्षा अनेक भाषांचा सामाईक वारसा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.